दोघंही सावत्र, मग मुलांचं सगळं एकटीकडेच का?

बेळगावजवळच्या एका ताईंचा प्रश्न, थोडक्यात असा:

"माझं हे दुसरं लग्न, ह्यांचंही दुसरंच. माझे पहिले मालक अपघातात गेले, ह्यांची पहिली बायको आजारपणात. ह्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. माझी मुलगी आठ वर्षांची, ती माझ्याबरोबरच आली. माहेर चंदगडकडचं. हे उद्यमबागला मशीन शॉपमध्ये पाळीवर असतात, मी घरी ब्लाउज शिवते. तिघांचं खाणंपिणं, शाळा, दुखणंखुपणं सगळं मीच बघते. तरी ह्यांचा मुलगा रुसून बसला की लगेच ऐकायला येतं, 'सावत्र ती सावत्रच.' आणि हे रविवारी माझ्या मुलीला गाडीवरून एक चक्कर मारून आणतात, तर अख्खी गल्ली म्हणते, 'पोरीचं नशीब काढलं.' मला हे खुपतं. माझं मन छोटं आहे का? वेळ वाटून घ्यायचा तर कसा घ्यायचा?"

ताई, मन छोटं नाही तुमचं. तुम्हाला जे दिसलंय ते खरं आहे, आणि ते फक्त तुमच्या घरातलं नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात समुपदेशन करताना दुसऱ्या लग्नाची जी घरं माझ्यासमोर येतात, त्यांत हाच पेच फिरून फिरून निघतो. सावत्र आईच्या पदरात पहिल्या दिवसापासून मुलांचे सगळे तास पडतात, पण मुलांना काही बोलायचा हक्क मिळत नाही. सावत्र वडिलांना हक्क पहिल्या दिवसापासून असतो, तास किती दिले हे मात्र कुणी विचारत नाही. भांडण वरवर डब्यावरून नाहीतर मोबाइलवरून होतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथं असतं.

सगळा दोष सावत्रपणावर टाकू नका, हेही सांगते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. मुळात हात लावणारे पुरुषच शंभरात २६ होते, बायका ८१. मुलांचं, म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं करणाऱ्या बायकांची त्यात १३४ मिनिटं आणि करणाऱ्या पुरुषांची ७६. ही सगळ्या प्रकारच्या घरांची आकडेवारी आहे, त्यात बहुतेक घरं सख्खीच. म्हणजे तुमच्या घरातला निम्मा फरक तुम्ही सावत्र आहात म्हणून नाही, तुम्ही बाई आहात म्हणून आहे. सख्ख्या घरात आई तो मायेनं झाकून नेते आणि मुलंही आईला गृहीत धरतात. तुमच्याकडे झाकायला अजून काही जमलेलं नाही, म्हणून तो उघडा पडतो आणि टोचतो.

सावत्र कुटुंबांवरचं संशोधन बहुतेक अमेरिका-युरोपातलं आहे. तिथं घटस्फोटानंतर मुलं जास्त करून आईकडे राहतात, त्यामुळे मुलांबरोबर एका छपराखाली राहणारा सावत्र पालक म्हणजे बहुधा सावत्र वडील. सावत्र आईची आणि मुलांची गाठ शनिवार-रविवारी, सुट्टीत. इतकी कमी गाठ असूनही ताण सावत्र आईलाच जास्त येतो असं तिथले अभ्यास सांगतात, कारण घर आणि मुलं म्हणजे बाईनंच बघायचं ही अपेक्षा तिथंही सुटलेली नाही. आपल्याकडे चित्र उलटं आहे. बायको गेलेल्या माणसाचं वर्षाच्या आत दुसरं लग्न लावतात आणि कारण उघड सांगतात, "पोरांना बघायला कुणीतरी पाहिजे." म्हणजे बाई आणली जाते तीच मुलांसाठी. नवरा गेलेल्या बाईला मात्र पोरासकट करून घेणारे थोडे. तिचं पोर आजीआजोबांकडे, मामाकडे राहतं आणि ती एकटी नव्या घरी जाते. २०११ च्या जनगणनेत देशात ४ कोटींहून जास्त विधवा होत्या आणि विधुर सव्वा कोटीच्या आसपास. बायकांचं आयुष्य थोडं जास्त असतं आणि नवरा वयानं मोठा असतो हे खरं, पण पुरुष पुन्हा लग्न करतात आणि बायकांना करू दिलं जात नाही हेही त्यातलं मोठं कारण आहे. आपल्या सीमेला लागून शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या ह्यांवर निदान आता उघड बोललं जातं. विधवेच्या मुलाचं पुढं काय, ह्यावर अजून फारसं कुणी बोलत नाही.

म्हणून तुमच्या मालकांनी मुलीसकट तुम्हाला घरी आणलं ह्याचं मला मनापासून कौतुक आहे. गल्लीलाही तेच दिसतं. पण घरात घेणं वेगळं आणि तिच्यासाठी रोज वेळ देणं वेगळं. पहिल्याबद्दल त्यांचे आभार जरूर माना, दुसऱ्याबद्दल बोलायचं सोडू नका.

बोलायचं कसं? तक्रारीनं सुरुवात केली की समोरून एकच उत्तर येतं, "मी काय कमी करूलालोय?" वडगावातल्या एका जोडप्याला मी दोन वेगवेगळे कागद दिले आणि कालच्या दिवसात मुलांचं काय काय केलं ते प्रत्येकानं लिहा म्हटलं. नवऱ्यानं तीन ओळी लिहिल्या: शाळेला सोडणं मी, अभ्यास दोघं, बाकीचं घरातलं ती. बायकोचा कागद पुढून भरला, मागून भरला. पाणी तापवणं, उठवणं, मोज्यांची जोडी शोधणं, धाकटीच्या डोक्यातल्या उवा काढणं, दोन डबे, एकाला मेथी चालत नाही म्हणून वेगळी भाजी, शाळेच्या डायरीवर सही, शनिवारचा पांढरा गणवेश नीळ घालून वाळवणं, जंताची गोळी मिळाली का विचारणं, थोरल्याचा खोकला रात्री वाढतोय हे लक्षात ठेवणं, वर्गातल्या कुणाचा वाढदिवस आहे म्हणून दहा रुपये बाजूला काढणं. नवऱ्यानं तो कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "पांढरा गणवेश शनिवारी असतो?" पोरगं चौथीत होतं. तो माणूस वाईट नव्हता. लक्षात ठेवायचं काम त्याच्याकडे कधी गेलंच नव्हतं, एवढंच. हातानं केलेलं काम निदान दिसतं. लक्षात ठेवण्यात जाणारा वेळ कुणाच्याच हिशोबात नसतो, आणि बाई सगळ्यात जास्त थकते ती त्यानं.

तुम्हीही तसेच कागद करा. एकाच दिवशी, वेगवेगळे बसून. आधी एकमेकांचे बघू नका.

आता वाटणी. माझं मत इथं ठाम आहे: मुलांच्या अंगाला हात लागतो ती कामं आणि मुलांना ओरडावं लागतं ती कामं पहिली दोनेक वर्षं ज्याचं मूल त्यानं करायची. बाकीची घराची म्हणून जी कामं आहेत, स्वयंपाक, कपडे, बाजार, ती दोघांत वाटायची. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. नवी नवरी आली की दुसऱ्या सकाळी पोरांची आंघोळ तिच्याकडे, आणि बाप मोकळा.

केसांचंच बघा. सहा वर्षांच्या मुलीचे केस विंचरताना गुंता ओढला जातोच. सख्ख्या आईच्या हातून ओढला गेला तर पोरगी किंचाळते, आईच्या मांडीवर चापट मारते आणि शाळेत पोचेपर्यंत विसरते. तुमच्या हातून तोच गुंता तसाच ओढला गेला तर संध्याकाळी आत्याचा फोन येतो. पोरगी खोटं बोलत नसते, तिला खरंच दुखलेलं असतं. आणि आई आठवण्याची वेळही नेमकी तीच असते, डोकं कुणाच्यातरी हातात असतानाची. म्हणून पहिले काही महिने तिची वेणी तिच्या वडिलांनी घालावी. त्यांना येत नाही म्हणता? लोखंडाचा जॉब मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून काढणाऱ्या माणसाला तीन पेडांची वेणी आठवड्यात येते. वाकडी आली तरी शाळेत चालते. मुलगी आपणहून कंगवा घेऊन तुमच्यापुढं येऊन बसायला लागेल तेव्हा ते काम तुमच्याकडे घ्या, त्याआधी नको.

पाळीचं काम आहे ही सबब मी नेहमी ऐकते. उलट पाळीवाल्या माणसाला दिवसाउजेडी घरी राहायला मिळतं, ते ऑफिसला जाणाऱ्याला मिळत नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळ त्यांची: अभ्यास, खेळ, मुलांचं जेवण. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ त्यांची: उठवण्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत. रात्रपाळी असेल तेव्हा त्यांना झोपू द्या, त्या आठवड्याचं अपेक्षेत धरू नका. पण हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोंडी ठरलेलं दोन आठवड्यांत परत तुमच्याकडे येतं.

कन्नडचा तास मात्र पूर्ण त्यांचा. तुमचं शिक्षण चंदगडकडं झालं, कन्नड तुम्हाला वाचता येत नसणार. इथं मराठी शाळेतही कन्नड शिकावंच लागतं, २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांना ते सक्तीचं आहे. तुमची मुलगी महाराष्ट्रातल्या शाळेतून आली, तिची अक्षरओळखच आत्ता सुरू होत असेल. वर्गात ती ह्या एका विषयात मागं, आणि घरात सगळ्यांत नवी. तिच्या सावत्र वडिलांनी तिच्यासाठी करावं असं ह्याहून चांगलं काम मला सुचत नाही. रोज अर्धा तास, तिघांना एका सतरंजीवर घेऊन. थोरल्याला म्हणायचं, तू हिला अक्षरं गिरवून दाखव. अकरा वर्षांचा मुलगा घरात नव्या माणसांमुळं आपली जागा गेली म्हणून रुसलेला असतो, त्याला काहीतरी देता येतंय ही जागा मिळते. रविवारची चक्कर चालू ठेवा, मुलीला ती आवडतच असेल. पण मुलीचा विश्वास बसतो तो रोजच्या अर्ध्या तासावर. सावत्र वडील खेळतात, फिरवतात, खाऊ आणतात, हे मी बहुतेक घरांत बघते. पुस्तक उघडून बसणारे कमी असतात, आणि जे बसतात त्यांची मुलं त्यांना मोठेपणी धरून राहतात.

ओरडण्याचं. थोरल्यानं टीव्ही बंद केला नाही तर तुम्ही म्हणा, "पप्पांनी सात वाजता बंद करायला सांगितलंय." नियम त्यांच्या नावावर, शिक्षा करायची झाली तर तीही त्यांनीच, घरी आल्यावर. आणि हे तुमच्या मालकांनाही लागू आहे. तुमच्या मुलीला त्यांनी आवाज चढवून बोलायचं नाही, तिला काय सांगायचं ते तुम्ही सांगायचं. पुरुषाला हे जड जातं, घरात कर्ता मी आणि ह्या पोरीला बोलायचं नाही म्हणजे काय, असं वाटतं. त्यांना समजावून सांगा की अधिकार कायमचा जात नाहीये, उशिरा मिळतोय. सावत्र घरांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या परदेशी अभ्यासांतही हेच दिसलंय: सावत्र पालकानं आधी ओळख वाढवली आणि शिस्तीचं काम सख्ख्याकडे राहू दिलं, तिथं घर लवकर बसतं.

तुमच्या मुलीसाठी एक वेळ वेगळा काढा, तिच्या एकटीसाठी. दोघी होतात तेव्हा ती तुमच्या कुशीत झोपत असेल. आता तुमच्यात तिघांचा वाटा, आणि लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही तिलाच शेवटी वाढत असाल. बऱ्याच बायका असं करतात: सावत्र मुलाला साय, आपल्या पोरीला तळचं दूध. कृपा करून करू नका. तिघांना सारखं वाढा, आणि दुपारी शिलाई मशीनवर बसताना तिला शेजारी बसवून हुक लावायला द्या, गप्पा मारा. तसंच त्यांच्या दोन्ही मुलांना त्यांचे वडील एकट्यानं मिळायला हवेत. सगळं कुटुंब एकत्र फिरायला जाणं चांगलंच, पण दर वेळी तेच नको.

सासूबाई, आत्या, शेजारी. हे तुम्ही सोडवायचं नाही. "सावत्र ती सावत्रच" ह्याला तुम्ही उत्तर दिलंत की भांडकुदळ ठरता, गप्प राहिलात की खरं ठरतं. उत्तर द्यायचं ते तुमच्या मालकांनी, स्वतःच्या बहिणीला, स्वतःच्या आईला, आणि मुलांदेखत: "हिच्याबद्दल असं घरात बोलायचं नाही." माझ्या पाहण्यात ज्या माणसानं हे एकदा नीट सांगितलं त्याच्या घरातले निम्मे वाद तिथंच थांबले.

मुलांच्या आईचा फोटो भिंतीवर असेल तर राहू द्या, हार घालायचं काम मुलांना आणि त्यांच्या वडिलांना करू द्या. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची तर पुरणपोळीचा घाट एकट्या तुमच्यावर येतो आणि मुलं बाहेर खेळत असतात. त्या दिवशी मालकांनी पाळी बदलून घ्यावी, मुलांना घेऊन बसावं, त्यांच्या आईबद्दल बोलावं. ती काय करायची, कशाला हसायची. मुलं आईबद्दल बोलतात ती तुम्हाला नाकारायला नाही. मुलांचं जुनं आजोळ तुटू देऊ नका, आणि तिथं नेणं-आणणं हे वडिलांचं काम. मे महिन्यात दोन्हीकडची पोरं आपापल्या आजोळी गेली की तो आठवडा तुमच्या विश्रांतीचा धरा. त्यात घर धुवायला काढू नका.

"आता तुमचं दोघांचं एक होऊ दे" हा दबाव येत असेलच. निर्णय तुमचा. मी एवढंच सांगेन की तान्हं बाळ आलं की वडिलांचा जो काही वेळ मुलांना मिळत होता तो आटतो, आणि अकरा वर्षांच्या मुलाला ते सगळ्यात आधी कळतं. वर सांगितलेली घडी बसेपर्यंत थांबता आलं तर थांबा.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, आपल्याकडे गावोगाव फौजी घरं. नवरा सीमेवर आणि बायको त्याच्या पहिल्या मुलांबरोबर सासरी, अशा बायकांना वरची वाटणी जशीच्या तशी लावता येणार नाही. तिथं वडिलांनी फोन मुलांशी वेगळा करावा, बायकोशी बोलून झाल्यावर "दे पोरांना" म्हणून नव्हे. शाळेतला निर्णय, शिस्तीची गोष्ट त्यानं स्वतः मुलांना सांगावी. रजेवर आल्यावर पाहुणा होऊन बसू नये.

एक गोष्ट स्पष्टपणे. मुली मोठ्या होतायत. आंघोळ, कपडे बदलणं, मासिक पाळीबद्दल बोलणं हे तुमच्या मुलीच्या बाबतीत तुमच्याकडेच, आणि झोपायची जागा वेगळी. हे तुमच्या मालकांवरचा अविश्वास म्हणून नाही, सख्ख्या घरातही मुलीला हेच मिळायला हवं. पण ह्याचं निमित्त करून त्यांनी तिच्यापासून लांब राहावं असंही नको. शाळा, अभ्यास, सायकल शिकवणं, दवाखाना ह्यांत भरपूर जागा आहे. आणि तिघांपैकी कुठल्याही मुलानं कधी घरातल्या, नात्यातल्या कुणाबद्दल काही सांगितलं तर आधी विश्वास ठेवा, मग चौकशी. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर तिघांना पाठ करून द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण शाळेत हे अडतंच. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून सावत्र आई किंवा सावत्र वडील येत नाहीत. तुमच्या मुलीच्या नैसर्गिक पालक तुम्ही, त्यांच्या मुलांचे ते. म्हणून डायरीवर, फॉर्मवर सही ज्याची त्यानं करावी. पहिले वडील वारल्यावर मुलानं कुठलं आडनाव लावायचं हे आई ठरवू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये सांगितलंय. सासरची जुनी मंडळी काही म्हणाली तरी तो निर्णय तुमचा. सावत्र वडिलांना कायद्यानं वडील व्हायचं असेल तर दत्तकविधान करता येतं, पण घाई नको, आणि मुलीला विचारल्याशिवाय तर मुळीच नको. तुम्ही ज्यांचं आज करताय त्यांच्यावर म्हातारपणी तुमचा काही हक्क आहे का, असं बऱ्याच सावत्र आया दबक्या आवाजात विचारतात. आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आई-वडील म्हणजे सावत्र आई आणि सावत्र वडीलसुद्धा धरलेत.

किती दिवस लागतील? सहा वर्षांची मुलगी लवकर येईल तुमच्याकडे. अकरा वर्षांच्याला वेळ लागेल, कदाचित काही वर्षं, आणि मधे दहावीचं वय येईल तेव्हा पुन्हा थोडं बिनसेल. तो "आई" म्हणाला नाही तरी चालेल, "काकी" म्हणू दे. त्याच्यावर तो शब्द लादू नका, आणि दुसऱ्या कुणाला लादू देऊ नका.

ह्या आठवड्यात एवढंच करा: दोघांचे कागद लिहा आणि मालकांची पाळी बघून त्यांच्या मुलांची एक सकाळ किंवा एक संध्याकाळ त्यांच्याकडे द्या. त्या वेळात तुम्ही मधे पडू नका. भाजी करपली, गणवेश चुकला, तरी नाही. दोन महिन्यांत काहीच हललं नाही तर जवळच्या कुटुंब समुपदेशकाकडे दोघं मिळून जा. ते यायला तयार नसले तर तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल, कागद मात्र दोन्ही बरोबर घ्या.